क्लाउड बदलता येईल अशी प्रणाली: काय सुटे ठेवावे आणि काय बांधलेले राहू द्यावे

तुमचा प्रश्न मी असा समजलो आहे. बाजार समितीतील अडते आणि शीतगृहे यांच्यासाठी तुम्ही एक प्रणाली चालवता. आवक नोंद, काट्याची पावती, हिशोबपट्टी, शेतकऱ्याला जाणारा एसएमएस आणि शीतगृहातील साठा एवढे तिचे काम आहे, आणि सुरुवातीपासून ती एकाच क्लाउड पुरवठादाराच्या मुंबई रीजनमध्ये आहे. आता एका सरकारी ग्राहकाला ती दुसऱ्या, केंद्राच्या मान्यताप्राप्त यादीतील पुरवठादाराकडे हवी आहे, तर एका शीतगृहाला ती स्वतःच्या आवारातल्या सर्व्हरवर हवी आहे. तुमच्या सहा जणांच्या चमूतील दोघांचे म्हणणे असे की, सर्व क्लाउड सेवांवर आपला स्वतःचा एक थर लिहावा, म्हणजे खाली कोणता क्लाउड आहे हे वरच्या कोडला कळण्याचे कारणच उरणार नाही. असा थर लिहावा का, आणि लिहू नये असे असेल तर दुसरे काय करावे, हे तुम्ही विचारले आहे.

सर्व सेवांवर थर लिहू नका. आधी नागपुरातल्या परसोडीच्या आयटी पार्कमध्ये आणि पुढे तिथल्याच मिहान प्रकल्पात काम करताना असे थर लिहिण्यात आणि नंतर ते उपटून काढण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून हे ठामपणे लिहितो. अशा थराने फक्त फंक्शनांची नावे सारखी होतात. त्या नावांमागे सेवा कशी वागते, ते सारखे होत नाही. एका क्लाउडवर रांगेतून उचललेला मेसेज किती वेळ राखून ठेवता येतो, तो दोनदा येऊ शकतो का, फाइलच्या नावाला किती जागा आहे, मजकुराचा क्रम कोणत्या नियमाने लावला जातो, या गोष्टी थराच्या आड झाकल्या जातात आणि स्थलांतराच्या दिवशीच उघड्या पडतात. पोर्टेबल, म्हणजे जागा बदलता येईल अशी, प्रणाली करायची म्हणजे आपला कोड खालच्या सेवांकडून नेमक्या कोणत्या वागणुकीची अपेक्षा धरून आहे ते लिहून काढायचे, त्या अपेक्षा शक्य तितक्या कमी करायच्या, आणि उरलेल्या प्रत्येक नव्या जागी प्रत्यक्ष तपासायच्या. बाकीची सारी तंत्रे या कामाची साधने आहेत.

नागपूरकरांना हे इतवारी स्थानकाच्या उदाहरणाने लगेच कळेल. इतवारीहून नागभीडकडे जाणारा मार्ग अनेक दशके ७६२ मिलिमीटरचा नॅरोगेज होता आणि मुख्य मार्ग १,६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज. एका गेजचा डबा दुसऱ्यावर चालणे शक्यच नव्हते. डबा बदलायचा आणि पोते तेच ठेवायचे, हाच व्यवहार होता. तुमच्या सहकाऱ्यांना दोन्ही गेजवर चालेल असा डबा बांधायचा आहे. माझे म्हणणे असे की, पोते नीट शिवलेले, वजन लिहिलेले आणि हमालाला सहज उचलता येईल असे असावे. डबे त्या त्या मार्गाचे असू द्यावेत.

प्रोग्राम चालवण्याच्या भागावर मी फार लिहीत नाही, कारण तो प्रश्न बहुतांशी सुटलेला आहे. प्रोग्राम त्याला लागणाऱ्या सर्व गोष्टींसह एका बंद पेटीत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारे डॉकर २०१३ मध्ये आले, कंटेनरच्या प्रतिमेचे (त्या पेटीच्या साच्याचे) खुले प्रमाण ठरवणारा ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह २०१५ मध्ये सुरू झाला, आणि आज कोणताही मोठा पुरवठादार ती प्रतिमा चालवतो. पथ्ये तीनच: सर्व कॉन्फिगरेशन बाहेरून यावे, कंटेनरच्या आतल्या डिस्कवर टिकवायचे असे काही लिहू नये, आणि प्रतिमा कोणत्या प्रोसेसरसाठी बांधली आहे याचे भान असावे. पैसे वाचतात म्हणून आर्म प्रोसेसरवर नेलेली प्रतिमा शीतगृहाच्या इंटेल सर्व्हरवर चालणार नाही, म्हणून ती दोन्हींसाठी बांधून ठेवावी. अनेक सर्व्हरांवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटिसबद्दल माझे मत तुमच्या चमूला कदाचित आवडणार नाही. केवळ पोर्टेबिलिटीसाठी सहा जणांनी ते अंगावर घेऊ नये. २०१५ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून ते सर्वत्र पोहोचले आहे हे खरे. परंतु बाहेरची वाहतूक आत घेणे, डिस्क जोडणे आणि परवानग्या देणे या तीन ठिकाणी प्रत्येक पुरवठादाराचे कुबरनेटिस वेगळे पडते, आणि स्थलांतरात वेळ खाणाऱ्या जागा नेमक्या याच असतात. शीतगृहातल्या एका सर्व्हरसाठी डॉकर कंपोझची, म्हणजे कोणते कंटेनर एकत्र चालवायचे ते सांगणारी, एक फाइल पुरेशी आहे.

खरे वजन डेटाचे असते. तुम्ही पोस्टग्रेस हा खुला डेटाबेस वापरता, हा निर्णय उत्तम आहे, कारण हा डेटाबेस सर्व मोठ्या पुरवठादारांकडे तयार सेवा म्हणून मिळतो आणि स्वतःच्या सर्व्हरवरही बसवता येतो. तरीही त्यात तीन जागी पाय अडकतो. पहिली जागा एक्स्टेन्शनची, म्हणजे डेटाबेसला जोडायच्या जादा सुविधांची. पुरवठादार ठरावीक यादीतलीच एक्स्टेन्शन देतात आणि पूर्ण सुपरयूझरचा अधिकार देत नाहीत. म्हणून आज वापरात असलेले प्रत्येक एक्स्टेन्शन नव्या जागेच्या यादीत आहे का, ते करार होण्याआधी पाहावे. दुसरी जागा स्थलांतराच्या पद्धतीची. लॉजिकल रेप्लिकेशन, म्हणजे एका डेटाबेसमधील बदल दुसऱ्यात सतत उतरवणे, २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्येच आहे, आणि जुनी प्रणाली चालू ठेवून नवी भरण्यासाठी ते फार उपयोगी आहे. मात्र टेबलांच्या रचनेतील बदल त्यातून आपोआप जात नाहीत, आणि सीक्वेन्सची, म्हणजे पुढचा क्रमांक देणाऱ्या मोजणीची, स्थितीही पुढे नेली जाईल असे गृहीत धरू नये. सीक्वेन्स पुढे सरकवायला विसरलात, तर नव्या जागी पहिलीच पावती जुन्या क्रमांकाला जाऊन धडकते.

तिसरी जागा मराठी मजकुराची आहे, आणि तिच्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण इंग्रजीतून लिहिलेल्या मार्गदर्शनात ती क्वचितच सापडते. मजकुराचा क्रम लावण्याचे नियम पोस्टग्रेस बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमच्या ग्लिब्सी लायब्ररीकडून घेते. २०१८ च्या २.२८ आवृत्तीत या नियमांमध्ये मोठे बदल झाले. जुन्या लिनक्सवरची डेटाबेसची फाइल जशीच्या तशी उचलून नव्या लिनक्सवर ठेवली, तर इंडेक्स (शोधसूची) जुन्या क्रमाने बांधलेला आणि शोध नव्या क्रमाने, अशी अवस्था होते. मग टेबलात असलेला शेतकरी शोधात सापडत नाही, आणि जिथे नाव एकदाच असायला हवे तिथे ते दोनदा शिरते. त्रुटीचा एकही संदेश येत नाही, हे त्यातले सर्वांत वाईट. डंप, म्हणजे नोंदींची वेगळी उतरवलेली प्रत, घेऊन पुन्हा भरल्यास इंडेक्स नव्याने बांधले जातात आणि हा धोका टळतो, पण यादीचा क्रम तरीही बदलू शकतो. युनिकोडच्या क्रमांकांनुसार ‘ळ’ हे अक्षर ‘ल’च्या लगेच पुढे येते, तर आपल्या वर्णमालेत ते ‘ह’नंतर आहे, त्यामुळे गावांची छापील यादी कोणत्या नियमाने लागते हे अपघातावर सोडू नये. पावती क्रमांक, वाहन क्रमांक, सांकेतिक खुणा यांच्या स्तंभांना ‘सी’ कोलेशन (क्रम लावण्याचा साधा, बाइटनुसार नियम) द्यावे, आणि माणसाने वाचायच्या नावांना आयसीयू या युनिकोड लायब्ररीचे कोलेशन स्पष्टपणे नेमून द्यावे. कोलेशनची कोणती आवृत्ती वापरली हे पोस्टग्रेस नोंदवून ठेवते आणि ती जुळली नाही तर इशारा देते. तो इशारा वाचणारे कोणीतरी असावे, एवढी मात्र सोय आपण करायची.

फाइलींच्या साठ्याकडे येतो. ॲमेझॉनची एस-थ्री सेवा २००६ मध्ये सुरू झाली आणि तिची बोलण्याची पद्धत पुढे जवळजवळ प्रमाणच बनली. सेफसारखी (Ceph) खुली साठा-प्रणाली ती पद्धत समजते, गुगलच्या साठ्यातही तिच्याशी जुळणारी सोय आहे. मायक्रोसॉफ्टच्या ब्लॉब साठ्याची भाषा मात्र निराळी आहे. इथे एक छोटा इंटरफेस लिहिणे योग्यच ठरते. ॲलिस्टर कॉकबर्न यांनी २००५ मध्ये मांडलेली पोर्ट आणि ॲडॅप्टरची रचना (कोड ज्या क्रिया मागतो तो पोर्ट, त्या एखाद्या सेवेवर पार पाडणारा तो ॲडॅप्टर) मला अशा ठिकाणी अजूनही सर्वांत उपयोगी वाटते. फक्त पोर्टची भाषा तुमच्या धंद्याची असावी. ‘बकेटमध्ये (एस-थ्रीतल्या कप्प्यात) वस्तू ठेव’ असे न म्हणता ‘पावतीची प्रत जपून ठेव’, ‘पावतीची दहा मिनिटांची लिंक दे’ असे म्हणावे. अशा चार-पाच क्रियांच्या मागे एक ॲडॅप्टर एस-थ्रीसाठी, एक ब्लॉबसाठी आणि एक शीतगृहाच्या साध्या डिस्कसाठी लिहिणे हे फार तर दोन आठवड्यांचे काम आहे. तुमच्या सहकाऱ्यांच्या सर्वव्यापी थरात आणि यात फरक हाच की, इथे आपण आपल्या गरजेचे वर्णन करतो, पुरवठादाराच्या सेवेचे नव्हे.

याच भागात तुमच्याकडे दोन चुका असण्याची मला दाट शंका आहे, कारण मी पाहिलेल्या बहुतेक प्रणालींत त्या होत्या. पहिली, डेटाबेसमध्ये फाइलचा पूर्ण यूआरएल साठवलेला असतो. पुरवठादाराचे नाव, रीजनचे नाव आणि बकेटचे नाव लाखो ओळींत कोरले जाते. साठवायची ती फक्त फाइलची किल्ली, म्हणजे साठ्यातले तिचे नाव. पत्ता चालत्या वेळी तयार करावा. याचाच दुसरा अवतार एसएमएसमध्ये असतो. शेतकऱ्याच्या फोनवर गेलेली लिंक परत बोलावता येत नाही, म्हणून बाहेर जाणारी प्रत्येक लिंक तुमच्या स्वतःच्या डोमेनची असावी आणि तिथून ती पुढे वळवावी. दुसरी चूक, किल्लीत मराठी नाव घालणे. एस-थ्रीवर किल्लीची मर्यादा १,०२४ बाइटची आहे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रांसह, तीन बाइट घेते. म्हणजे साधारण ३४१ चिन्हे. गाव, अडत दुकान, शेतकऱ्याचे पूर्ण नाव आणि मालाचे वर्णन जोडत गेले की ती मर्यादा वाटते तितकी दूर राहत नाही, आणि ब्लॉबवर ती बाइटमध्ये न मोजता अक्षरांत मोजली जाते, म्हणून एका जागी चाललेले नाव दुसऱ्या जागी नाकारले जाऊ शकते. किल्ली म्हणून यूयूआयडी, म्हणजे पुन्हा न येणारा ओळख क्रमांक, वापरा आणि मूळ नाव डेटाबेसच्या स्तंभात ठेवा.

रांगांच्या, म्हणजे मेसेज क्यूच्या, बाबतीत मी स्वतः मोठी चूक केलेली आहे. एका जुन्या कामात दिवसअखेर हिशोब तयार करण्याचे काम रांगेतून चालत असे आणि एका मोठ्या दुकानाचा हिशोब व्हायला सातेक मिनिटे लागत. जुन्या जागी उचललेला मेसेज, इतरांना न दिसता, हवा तितका वेळ स्वतःकडे राखून ठेवता येत असे. नव्या जागी ती मर्यादा कमी होती, हे कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेले असून मी पाहिले नाही, कारण आमच्या थरातल्या फंक्शनचे नाव दोन्हीकडे तेच होते. काम पुरे होण्याआधी मेसेज पुन्हा रांगेत आला, दुसऱ्या वर्करने (रांगेतली कामे करणाऱ्या प्रोग्रामने) तो उचलला, आणि काही शेतकऱ्यांच्या हिशोबातून हमाली व तोलाई दोनदा कापली गेली. ते हिशोब आम्ही हाताने एकेक करून दुरुस्त केले. ज्यांच्या मालाचे पैसे कमी आले होते त्यांना फोन करताना जे वाटले ते मी विसरलेलो नाही, आणि हे उत्तर इतके लांबण्याचे एक कारणही तेच आहे.

या मर्यादा सेवेगणिक किती वेगळ्या आहेत ते पाहा. ॲमेझॉनच्या एसक्यूएसमध्ये मेसेज राखून ठेवण्याची मूळ मुदत ३० सेकंद असते आणि ती १२ तासांपर्यंत वाढवता येते. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिस बसमध्ये एका वेळी कमाल ५ मिनिटे मिळतात आणि नंतर मुदत वाढवून घ्यावी लागते. गुगलच्या पब-सबमध्ये पोच देण्याची मुदत कमाल १० मिनिटांची आहे आणि तिथेही ती वाढवून घेता येते. यातली कोणतीही रचना चूक नाही; फक्त एकीवर बेतलेला कोड दुसरीवर सरळ उभा राहत नाही. म्हणून मेसेज दोनदा येणारच आहे असे धरून लिहावे. प्रत्येक हिशोबपट्टीला आधीच एक कायमचा ओळख क्रमांक द्यावा, त्या क्रमांकावर डेटाबेसमध्ये युनिक अट ठेवावी, आणि ‘हे काम झाले’ ही नोंद व प्रत्यक्ष रकमेची नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे दोन्ही होतील किंवा एकही होणार नाही अशा रीतीने, करावी. एसएमएस पाठवण्याचे कामही त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये एका टेबलात लिहून ठेवावे आणि वेगळ्या वर्करने तिथून उचलून पाठवावे. मेसेजमध्ये फक्त क्रमांक जावा, पूर्ण मजकूर नको.

आणि तुमच्या आकाराच्या प्रणालीला वेगळी रांग हवीच का, हेही विचारून पाहा. पोस्टग्रेसच्या २०१६ मध्ये आलेल्या ९.५ आवृत्तीपासून ‘स्किप लॉक्ड’ ही सोय आहे. तिच्यामुळे साध्या टेबलातून अनेक वर्कर एकमेकांच्या पायात न येता कामे उचलू शकतात. संत्र्याच्या आंबिया बहाराच्या आवकेच्या दिवसांतही नागपूरच्या कळमना बाजारातल्या अडत्यांची कामे एका डेटाबेसला जड जाणार नाहीत. रांग टेबलात आणली की स्थलांतराच्या यादीतून एक अख्खी सेवा गळून पडते, आणि शीतगृहाच्या सर्व्हरवरही एक गोष्ट कमी बसवावी लागते.

लॉगिनबाबत थोडक्यात सांगतो. काही तयार सेवांमधून पासवर्डचे हॅश (मूळ शब्द उलगडता न येणारे रूप) बाहेर काढता येत नाहीत, आणि मग जागा बदलताना प्रत्येक वापरकर्त्याला नवा पासवर्ड घ्यायला लावावा लागतो. ओपनआयडी कनेक्ट हे लॉगिनचे प्रमाण २०१४ पासून स्थिर आहे. ओळख पटवणारी सेवा कोणतीही घ्या, पण तिच्याशी त्याच प्रमाणातून बोला, आणि तिने दिलेला क्रमांक तुमच्या टेबलांत प्राथमिक किल्ली म्हणून कधीही वापरू नका. असाच एक सापळा एन्क्रिप्शनचा आहे. आधार किंवा बँक खात्याचे स्तंभ जर तुमच्या कोडने पुरवठादाराच्या किल्लीसेवेतून एन्क्रिप्ट केले असतील, तर त्या सेवेत तयार झालेली मूळ किल्ली सहसा बाहेर येत नाही. सगळे स्तंभ जुन्या जागी उघडून नव्या किल्लीने पुन्हा बंद करावे लागतात, आणि त्यासाठी जुने खाते ते काम पुरे होईपर्यंत चालू ठेवावे लागते.

सर्व्हर आणि सेवा फाइलीत लिहून उभारणाऱ्या टेराफॉर्ममुळे आपण आपोआप पोर्टेबल झालो, असा गैरसमज तुमच्या प्रश्नात डोकावतो. साधन तेच राहते, पण त्यात लिहिलेले जवळजवळ सगळे पुरवठादाराच्या नावानिशी असते आणि नव्या जागी पुन्हा लिहावेच लागते. शिवाय साधनांचे परवानेही बदलतात: टेराफॉर्मचा परवाना २०२३ मध्ये बदलला आणि त्यातून ओपनटोफू ही खुली शाखा निघाली, इलॅस्टिकसर्चचा २०२१ मध्ये बदलला आणि ओपनसर्च आले, रेडिसचा २०२४ मध्ये बदलला आणि वाल्की आले. क्लाउड सोडण्याची तयारी करताना एखाद्या कंपनीच्या परवान्यात अडकणे हेही बंधनच आहे, म्हणून ग्राहकाच्या सर्व्हरवर जे काही बसवणार आहात त्याचा परवाना वाचून घ्यावा.

सरकारी ग्राहकासाठी आणखी दोन गोष्टी लागतील. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग, म्हणजे प्रणालीच्या कामाच्या नोंदी, १८० दिवस जपायचे असतात. जुन्या पुरवठादाराकडचे खाते बंद केले की त्याच्या लॉग सेवेतले लॉगही जातात, म्हणून ते साध्या फाइलींच्या रूपात आपल्या साठ्यात उतरवण्याची सोय आधीच हवी. कोडने लॉग फक्त स्टँडर्ड आउटपुटवर लिहावेत, कुठे पोहोचवायचे ते बाहेरून ठरावे. आणि शेतकऱ्याचे नाव, मोबाइल क्रमांक ही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या अर्थाने वैयक्तिक माहिती आहे. स्थलांतर झाल्यावर जुन्या जागचे बॅकअप, स्नॅपशॉट आणि तपासणीसाठी काढलेल्या प्रती पुसणे हा कामाचा भाग धरावा आणि त्याला तारीख व जबाबदार व्यक्ती नेमून द्यावी.

खर्चाबाबत लोक डेटा बाहेर काढण्याच्या शुल्काला घाबरतात. २०२४ मध्ये गुगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनीही सेवा सोडून जाणाऱ्या ग्राहकांना ते शुल्क काही अटींवर माफ करण्याचे जाहीर केले. अटी वाचून अर्ज आधी करावा लागतो. मला वेळेची काळजी जास्त वाटते. शीतगृहाची लाइन १०० एमबीपीएसची असेल आणि तिथे २ टीबी फाइली न्यायच्या असतील, तर ती लाइन अखंड पूर्ण वेगाने चालली तरीही जवळजवळ ४५ तास लागतात. म्हणून जुन्या फाइली आठवडाभर आधीपासून सरकवत राहाव्या आणि शेवटच्या रात्री फक्त त्या दिवसाची भर न्यावी. न बदलणाऱ्या फाइली आणि रोज बदलणाऱ्या नोंदी आधीपासून वेगळ्या ठेवल्या असतील तरच हे जमते.

काही गोष्टी मी मुद्दाम पोर्टेबल करणार नाही. सीडीएन (फाइली वापरकर्त्याच्या जवळून देणारी सेवा), डीएनएस (डोमेनचा पत्ता सांगणारी सेवा), हल्ल्यांपासूनचे संरक्षण, देखरेखीचे फलक हे त्या त्या जागचे जे चांगले असेल ते घ्यावे; ते नव्याने उभारायला दिवस लागतात, महिने लागत नाहीत. एसएमएस मात्र त्यात धरू नका. डीएलटीवरची, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या एसएमएस नोंदणी मंचावरची, संस्थेची नोंद, हेडर आणि मजकुराचे साचे तुमच्या किंवा ग्राहकाच्या नावावर असतील तर गेटवे कधीही बदलता येतो. ते मध्यस्थाच्या नावावर असतील तर हात बांधले जातात. हे आजच तपासा.

तपासणी प्रत्यक्ष झाली नाही, तर वर लिहिलेले सगळे कागदावर राहील. प्रत्येक पोर्टसाठी एकच चाचणीसंच लिहावा आणि तो तिन्ही ॲडॅप्टरवर चालवावा. त्यात वागणुकीची परीक्षा असावी: तोच मेसेज दोनदा दिला तर काय होते, मराठी नावाची फाइल जशीच्या तशी परत येते का, मुदत संपलेली लिंक खरोखर बंद होते का. शिवाय दर तीन महिन्यांनी बॅकअप दुसऱ्या जागी उतरवून गेल्या हंगामातला एक गर्दीचा दिवस तिथे पुन्हा चालवावा आणि प्रत्येक हिशोबपट्टीची निव्वळ रक्कम पैशापर्यंत जुळवावी. जे जुळणार नाही, तीच तुम्ही न लिहिलेली अपेक्षा.

तुमच्या जागी मी आधी शीतगृहाचे काम हाती घेईन, सरकारी ग्राहकाचे नंतर. मनुष्यबळ कमी असताना हे उलटे वाटेल, पण एका साध्या सर्व्हरवर कोणतीही तयार सेवा हाताशी नसते, आणि त्यामुळे कोडमध्ये लपलेली प्रत्येक अपेक्षा तिथे पहिल्याच आठवड्यात बाहेर येते. त्या सर्व्हरवर प्रणाली नीट उभी राहिली की सरकारी ग्राहकासाठी ब्लॉबचा किंवा एस-थ्रीचा ॲडॅप्टर, डेटाबेसचा पत्ता आणि परवानग्यांची नवी फाइल एवढेच उरते. सुरुवात डेटाबेसमध्ये साठवलेल्या यूआरएलपासून करा. ती दुरुस्ती आजच्या जागी राहूनही करता येते, आणि ओळींची संख्या रोज वाढते आहे.